केमोतला ताप म्हणजे ‘ऊन लागलं’ नव्हे

मे महिन्यात जळगाव-धुळ्यात पोरगं तापलं की निदान ठरलेलं: ऊन लागलं. कैरीचं पन्हं पाजा, तळपायाला कांदा चोळा, क्रोसिन द्या, सकाळपर्यंत उतरेल. लिम्फोमा या कर्करोगासाठी केमो चालू असलेल्या मुलाच्या बाबतीत ही एक रात्र जिवावर बेतू शकते.

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, सर्वांत खाली जातात. पू धरायला त्याच पेशी लागतात. त्यांचा ‘काउंट’ ५०० च्या खाली गेला की जखम पिकत नाही, सूज दिसत नाही. पुष्कळदा ताप हीच एकमेव खूण उरते आणि क्रोसिन तीही झाकून टाकतं. थर्मामीटर एकदा जरी १०१ फॅरनहाइट दाखवेल, किंवा १००.४ वर तासभर टिकेल, तर उठायचं आणि दवाखाना गाठायचा. अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून जायला हवं.

‘आमची ट्रीटमेंट मुंबईला टाटा हॉस्पिटलात चालू आहे, रात्रीच्या गाडीने परळला नेतो,’ असं बरेच पालक म्हणतात. परळ गाठेपर्यंत अख्खी रात्र जाते. जळगावला, धुळ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. पहिला डोस इथेच घ्या, मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावा, मग प्रवासाचं ठरवा. केसपेपरच्या खिडकीवरच सांगा: केमो चालू आहे, ताप आहे. फाइल हातात ठेवा.

मुलाला खोलीत कोंडलं की झालं, हाही गैरसमज. बरेचसे जंतू मुलाच्याच आतड्यातले आणि त्वचेवरचे असतात. केमोने तोंड आलं की तिथूनच रक्तात शिरतात. म्हणून गर्दी टाळाच, पण मऊ ब्रश, गुळण्या आणि घरातल्या सगळ्यांचे साबणाने धुतलेले हात जास्त कामाचे. आतड्यातले जंतू रक्तात शिरू नयेत म्हणून एनिमाही देऊ नका.

केळ्याने सर्दी होते म्हणून केळ्यांच्या जळगावात राहून मुलाचं केळं बंद करतात! धुऊन सोललेलं केळं चालतं. तोंड आलेलं नसेल तर गरम भरीतही चालेल, वरचा कच्चा कांदा नको. शिळं भरीत आणि रसवंतीचा बर्फ अजिबात नको.

शेजारच्या मुलाला कांजिण्या आल्या, तर आपल्या मुलाच्या अंगावर फोड उठायची वाट पाहू नका; संपर्क आला त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गोवर-कांजिण्यांच्या जिवंत लशी केमो चालू असताना देत नाहीत. घरातल्या धाकट्याला पोलिओचे थेंब पाजण्याआधीही विचारा, कारण थेंबांतला विषाणू जिवंत असतो. धाकट्याला त्याऐवजी इंजेक्शनची लस देता येते.