खाणी संपल्या, पण हात शिकले!

कारखाना बंद पडला की काय होते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. भोंगा थांबतो, पगार थांबतो, वाणी उधार देईनासा होतो. पण कामगाराच्या हातातले कसब त्याच दिवशी संपते का? ते जपले तर काय घडू शकते, हे जर्मनीतल्या एका लहान गावाने दाखवून दिले आहे. त्या गावाची ही हकिगत.

गावाचे नाव ग्लासह्युटे. ड्रेस्डेन शहराच्या दक्षिणेला, डोंगराच्या दरीत वसलेले. पूर्वी आसपासच्या खाणींवर गाव जगत होते. खनिज संपले आणि गाव कंगाल झाले. काडाच्या वेण्या विणून लोक कसेबसे पोट भरू लागले.

ड्रेस्डेनमध्ये फर्डिनांड आडोल्फ लांगे नावाचे घड्याळजी होते. ते बंदुका बनविणाऱ्या कारागिराचे पुत्र. आईवडील विभक्त झाल्याने परक्या घरी वाढले. घड्याळाचे काम शिकून, पॅरिसला जाऊन त्यांनी हात पक्का केला. त्यांनी सॅक्सनीच्या सरकारपुढे योजना मांडली : कर्ज द्या, मी या गरीब भागातल्या मुलांना घड्याळकाम शिकवतो. १८४५ साली करार झाला. पंधरा मुले, तीन वर्षांचे शिक्षण. ७ डिसेंबर १८४५ रोजी काम सुरू झाले.

शिष्य झाले उस्ताद

ही मुले काही घड्याळजींच्या घराण्यातली नव्हती. काड विणणाऱ्या आणि मोलमजुरी करणाऱ्या घरांतून ती आली होती. त्यांच्या हाती लांगे यांनी बारीक अवजारे दिली, मापासाठी मिलिमीटर दिला. कसब कोणाच्या रक्तात नसते, ते शिकविणाऱ्याच्या मनात आणि शिकणाऱ्याच्या जिद्दीत असते, हे त्या मुलांनी सिद्ध केले.

पुढची गोष्ट आम्हाला अधिक मोलाची वाटते. लांगे यांनी शिष्यांना जन्मभर आपल्या दारात बांधून ठेवले नाही. स्वतःचे छोटे कारखाने काढायला उत्तेजन दिले. कोणी फक्त चाके करू लागला, कोणी स्क्रू, कोणी काटे. प्रत्येकाची लहानशी जागा, पण सगळ्यांचे मिळून एक घड्याळ! लांगे स्वतः अठरा वर्षे गावाचे महापौर होते. १८७८ साली मॉरिट्स ग्रोसमान यांच्या पुढाकाराने गावात घड्याळकामाची शाळाही निघाली.

बॉम्ब पडले तरी

८ मे १९४५, युद्धाचा शेवटचा दिवस. त्या दिवशी गावावर बॉम्ब पडले आणि लांगे कारखान्याची मुख्य इमारत उद्ध्वस्त झाली. उरलीसुरली यंत्रे रशियनांनी भरपाई म्हणून नेली. १९४८ साली कंपनी सरकारजमा झाली. संस्थापकांचे पणतू वॉल्टर लांगे स्वतः शिकलेले घड्याळजी. त्यांना युरेनियमच्या खाणीत धाडायचे ठरले, तेव्हा ते पश्चिम जर्मनीत पळून गेले. १९५१ मध्ये गावातल्या सगळ्या कंपन्यांचा मिळून एकच सरकारी कारखाना झाला. जुनी नावे पुसली गेली. परंतु नव्या पोरांना काम शिकवणे थांबले नाही.

१९९० साली दोन्ही जर्मनी एक झाले. बाजार खुला झाला आणि सरकारी कारखान्यातल्या बहुतेकांवर घरी बसायची पाळी आली. त्याच वर्षी ७ डिसेंबरला, म्हणजे बरोबर १४५ वर्षांनी, ६६ वर्षांच्या वॉल्टर लांगे यांनी कंपनीची पुन्हा नोंदणी केली. हाती ना इमारत होती, ना विकायला घड्याळ. होते ते गावातले शिकलेले हात! त्यांना स्वित्झर्लंडला पाठवून आणखी तयार केले. २४ ऑक्टोबर १९९४ रोजी पहिली चार घड्याळे जगापुढे आली. तिथे प्रत्येक घड्याळ दोनदा जुळवतात : एकदा जुळवून तपासायचे, पुन्हा सुटे करून पॉलिश करायचे आणि मग शेवटचे जुळवायचे.

नोमोस नावाची दुसरी कंपनीही १९९० मध्येच लहान प्रमाणावर निघाली. आधी बाहेरची यंत्रणा घेऊन ती घड्याळे बनवी. हळूहळू यंत्रणा स्वतः करू लागली. टिकटिक ज्या भागातून उमटते, तो सर्वांत नाजूक भागही २०१४ पासून तिने स्वतः घडवला.

दुसरी बाजू

सगळेच गोड आहे असे आम्ही म्हणणार नाही. लांगे घड्याळ लाखो रुपयांचे. ते कामगाराच्या मनगटावर चढणारे नव्हे. २००० साली त्या कंपनीची मालकीही एका स्विस उद्योगसमूहाकडे गेली. पण काम गावाबाहेर गेले नाही. ‘ग्लासह्युटे’ हे नाव लावायचे तर घड्याळ घडविण्याच्या कामाचा, किमतीच्या हिशेबाने, निम्म्याहून अधिक भाग त्या परिसरातच व्हायला हवा. या जुन्या दंडकाला २०२२ मध्ये जर्मन सरकारने कायद्याचे बळ दिले. मालक बदलला, तरी काम गावातल्याच हातांना!

खाण संपली, इमारत कोसळली, नाव पुसले गेले. टिकले ते शिक्षण. सरकारने एकदा पंधरा गरीब मुलांवर पैसा लावला, त्यावर ते गाव आजही जगते आहे.

तेव्हा वाचकहो, घरातले पोर बिघडलेले घड्याळ उघडून बसले, तर पाठीत धपाटा घालू नका. शेजारी बसा. स्क्रू हरवू नये म्हणून एक वाटी द्या. आणि ते उघडले तसे पुन्हा जुळवायला सांगा.