पाहत पाहत पश्चिमेकडे

१८४० ते १८६० या वीस वर्षांत अमेरिकेतल्या मिसूरी नदीच्या काठावरून सुमारे तीन लाख माणसे गाड्यांना बैल जुंपून पश्चिमेला निघाली. कुणाला ओरेगनमधली जमीन हवी होती, कुणाला कॅलिफोर्नियातले सोने, तर मॉर्मन पंथीयांना कुणी छळणार नाही असा मुलूख. वाट दोन हजार मैलांची आणि चाल दिवसाला फार तर पंधरा मैलांची. गाडीत पीठ, खारवलेले डुकराचे मांस आणि अवजारे ठासून भरलेली, म्हणून धडधाकट माणसे बहुतेक वाट पायीच तुडवत. पलीकडे नशिबात काय वाढून ठेवले आहे, ते कुणालाच ठाऊक नव्हते. या लोकांच्या रोजनिशांत थडग्यांची मोजदाद आहे, पटकीने गेलेल्यांची नावे आहेत आणि बऱ्याचदा त्याच पानावर एखाद्या सुळक्याचे रसभरीत वर्णनही आहे. मेरिल मॅटेस या इतिहासकाराने अशा शेकडो रोजनिशा धुंडाळल्या, तेव्हा नेब्रास्कातल्या चिमनी रॉकचा उल्लेख त्यांना इतर सर्व स्थळांपेक्षा जास्त वेळा सापडला. घरदार विकून निघालेल्यांना स्थळे पाहण्याची हौस कशी सुचली, असा प्रश्न साहजिकच पडतो. मला वाटते, त्या हौसेच्या पोटात एक रोकडा हिशेब होता.

हिशेब तारखांचा. वसंतात गवत उगवण्याआधी निघावे तर बैलांची उपासमार, आणि रेंगाळावे तर शेवटच्या डोंगरांत बर्फ गाठणार. मधल्या मोकळ्या मैदानात ओळीने दिवस सारखेच. आपण वेळेवर आहोत की मागे पडलो, हे सांगणार कोण? ते काम खडकांनी केले. चिमनी रॉक दिसला की साडेपाचशे मैल मागे पडले आणि सपाटी संपत आली. आजच्या वायोमिंगमधला इंडिपेंडन्स रॉक अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनापर्यंत, म्हणजे ४ जुलैपर्यंत गाठायचा, हा तर तांड्यांचा ठोकताळाच होता. त्या कातळावर लोक चढत, नावे कोरत, नाहीतर गाडीच्या वंगणात डांबर कालवून रंगवत. पैसे घेऊन नाव कोरून देणारेही तिथे होते म्हणतात. जत्रा कुठलीही असो, दुकान आधी लागते. पण नावाशेजारी तारीख असे. मागून येणारा आपल्या भावाचे नाव शोधी आणि तो किती दिवस पुढे आहे, हे ताडी. जिथे कातळ नसे तिथे वाटेवरच्या रानरेड्यांच्या वाळलेल्या कवट्यांवर निरोप लिहीत. १८४७ मध्ये विल्यम क्लेटन या मॉर्मन प्रवाशाने गाडीच्या चाकाला लाल चिंधी बांधली आणि दिवसभर चालत चाकाचे फेरे मोजले. ३६० फेऱ्यांचा एक मैल. या कामाला तो इतका कंटाळला, की पुढे लाकडी दात्यांचे मोजयंत्र बनवून घेतले गेले. दुसऱ्या वर्षी निघालेल्या त्याच्या मार्गदर्शिकेत ओढे, खडक, उतार आणि त्यांच्यामधली अंतरे यांची यादी आहे. प्रेक्षणीय स्थळे आणि मैलाचे दगड त्या पुस्तकात एकाच रांगेत बसतात.

यावर कुणी म्हणेल, खडक चढायची चैन पुरुषांची. बायका रानरेड्यांच्या वाळल्या शेणावर भाकरी भाजत बसलेल्या. आक्षेप बराचसा खरा आहे. टॅम्सेन डॉनर या बाईंनी जून १८४६ मध्ये प्लॅट नदीकाठून पाठवलेल्या पत्रात वनस्पती न्याहाळत असल्याचे लिहिले आणि वेळ त्याहून कितीतरी जास्त चुलीपाशी जातो, हेही लिहून टाकले. वेळ चुलीने खाल्ला, तरी नजर मोकळी राहिली. दोनच महिन्यांत टॅम्सेनबाईंच्या डॉनर तांड्याने लॅन्सफर्ड हेस्टिंग्जच्या पुस्तकातली जवळची वाट धरली. ती छापली तेव्हा हेस्टिंग्ज स्वतः त्या वाटेने गेलेला नव्हता. मिठाच्या वाळवंटात बैल गेले, दिवस गेले आणि ८७ जणांचा तांडा सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकला. जवळपास निम्मी माणसे दगावली, त्यांत टॅम्सेनबाईही. स्थळे पाहण्यात वेळ घालवला म्हणून हे घडले नाही. मळलेल्या वाटेवरच्या खुणा सोडून, न मळलेल्या वाटेवर छापील शब्दाच्या भरवशावर गेल्यामुळे घडले.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. ज्या कातळांवर ही नावे चढत होती, तो मुलूख लाकोटा, शायेन, शोशोनी या लोकांचा होता. तांड्यांच्या गुरांनी नदीकाठचे गवत संपवले, रानरेडे वाटेपासून दूर सरकले. खरी टांगती तलवार या लोकांच्या भविष्यावर होती. जॉन अनरू या इतिहासकाराच्या मोजणीनुसार त्या वीस वर्षांत मूळ रहिवाशांच्या हातून ३६२ प्रवासी मारले गेले, आणि प्रवाशांच्या हातून ४२६ मूळ रहिवासी. म्हणजे प्रवाशांचे पाहणे निष्पाप नव्हते. तारखेसकट कोरलेले नाव हा हक्काचा पहिला कच्चा कागदही होता. माझा मुद्दा याने ढळत नाही, उलट कडवट होतो. हिशेब मांडणाऱ्याला जमीन दिसते, तिच्यावरची माणसे हिशेबात धरली जातातच असे नाही.

या पाहण्यामागे निव्वळ सौंदर्याची ओढ असती, तर पुढे प्रवास सुखाचा झाल्यावर गर्दी वाढायला हवी होती. झाले उलटेच. १८६९ मध्ये देशाला आरपार जाणारी आगगाडी सुरू झाली, पाच-सहा महिन्यांची वाट आठवड्यावर आली. रूळ चिमनी रॉक आणि इंडिपेंडन्स रॉक या दोघांच्या बऱ्याच दक्षिणेकडून गेले. वेळापत्रक छापील मिळू लागल्यावर तारीख सांगणाऱ्या कातळाकडे वाट वाकडी करण्याचे कुणाला कारण उरले नाही. १८५२ मध्ये तरुणपणी या वाटेने गेलेले एझ्रा मीकर १९०६ मध्ये, पंच्याहत्तरी गाठल्यावर, पुन्हा बैलगाडी जुंपून उलट दिशेने निघाले, तेव्हा जुनी वाट जागोजाग शेतांत आणि गावांत बुजलेली होती. ते गावोगाव वर्गणी मागत, वाटेच्या खुणेचे दगड उभारत पूर्वेकडे सरकत गेले.