फुलाची धार, धान्याची धार

बासमतीचा भात शिजायला लागला की जो वास स्वयंपाकघराबाहेर येतो, तो मुख्यतः एकाच रेणूचा असतो. त्याचं नाव 2-अ‍ॅसिटिल-1-पायरोलिन. परसात लावतात त्या बासमतीच्या पानातही तोच असतो. आणि चैत्राच्या सुमारास शहापूर-मुरबाडच्या जंगलात पहाटे जी फिकट पिवळी फुलं टपटप गळतात, त्या मोहाच्या फुलातही तोच असतो. फूल हा रेणू कसा तयार करतं, याचा अभ्यास पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केला. मोहाच्या दारूला 'उग्र', 'घाणेरडी' म्हणून एका शब्दात निकालात काढणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट जाणून घ्यावी असं मला वाटतं.

मी व्हिस्कीचा चाहता आहे. दोन पेले शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक शोधणं मला मनापासून आवडतं. असा छंद असलेले लोक आता ठाण्या-मुंबईत बरेच झाले आहेत. शनिवारी नाशिक महामार्गाने शहापूरच्या किंवा माळशेजच्या रस्त्याने मुरबाडच्या फार्महाऊसवर जायचं, सोबत स्कॉटलंडची बाटली न्यायची आणि पिंप कोणत्या लाकडाचं होतं, धूर किती आहे, यावर रात्र घालवायची. अंगणात मात्र मोहाचं झाड उभं असतं. बाटलीला जी कसोटी लावतो तीच या झाडाला लावून पाहू.

सुरुवात कच्च्या मालापासून करायची. मोहाला पानं झडलेली असतात तेव्हा फूल येतं, आणि ते रात्री उमलतं. त्याच्या मांसल, रसाळ पाकळ्या वटवाघळांसाठी असतात. वटवाघूळ त्या खातं, तोंडाला परागकण लागतात आणि पुढच्या झाडावर पोचतात. साखर ही या कामाची मजुरी आहे. झाड ती इतक्या सढळ हाताने देतं, की वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच भरते. सकाळी ऊन चढायच्या आत ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी बायका-मुलं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. वेचलेली फुलं उन्हात पसरली की काही दिवसांत तांबूस, मनुकेसारखी होतात. दुष्काळात याच फुलांनी पोटं भरली आहेत. ती भाजून खातात, भाकरीत घालतात, हल्ली लाडूही होतात.

व्हिस्कीच्या जवात अशी तयार साखर नसते, स्टार्च असतो, आणि यीस्टला स्टार्च खाता येत नाही. म्हणून जव भिजवायचे, मोड आणायचे. मोड येताना दाण्यात विकरं तयार होतात. मग दाणा सुकवायचा, भरडायचा आणि गरम पाण्यात घालायचा, की विकरं स्टार्चची साखर करतात. स्कॉटलंडच्या आयला बेटावर सुकवणीसाठी पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतकं साचलेली अर्धवट कुजलेली वनस्पती. त्या धुरातली फिनॉल गटातली रसायनं दाण्याला चिकटतात आणि थेट पेल्यापर्यंत येतात. मोहाला यातलं काहीच लागत नाही. वाळलेली फुलं पाण्यात भिजवली की काम सुरू.

इथून पुढे मात्र दोघांची वाट एकच, आणि ती वाट यीस्टच्या हातात असते. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, शिवाय शेकडो संयुगं थोडी थोडी तयार करतं. त्यातलं आयसोअमाइल अ‍ॅसिटेट म्हणजे पिकल्या केळ्याचा वास. काही जड अल्कोहोलं असतात, त्यांनी चवीला अंग येतं, पण जास्त झाली तर घशाला टोचतात. आंबवण जितकं गरम, तितकी ही जड अल्कोहोलं वाढण्याचा धोका. एप्रिलमध्ये मुरबाडच्या उघड्यावर ठेवलेल्या मडक्यात तापमानावर ताबा राहत नाही. त्यातच व्हिनेगर करणारे जिवाणू घुसले की इथाइल अ‍ॅसिटेट तयार होतं आणि नेलपॉलिशचा वास येतो. हातभट्टीत घालतात तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्यातला नायट्रोजन यीस्टला खाद्य म्हणून उपयोगी पडतो, पण किती घालायचा याचं मोजमाप तिथे नसतं. मोहाला ज्या वासासाठी नावं ठेवतात, तो बहुतेक वेळा अशा आंबवणाचा किंवा बुरशी धरलेल्या फुलांचा असतो. त्यात झाडाचा दोष नाही.

मग ऊर्ध्वपातन. अल्कोहोल 78.4 अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी 100 अंशांना. पहिली वाफ थंड होऊन जी धार पडते तिच्यात अल्कोहोल सर्वांत जास्त, म्हणून गावात पहिल्या धारेला मान आहे. व्हिस्की गाळणारा माणूस नेमकी हीच सुरुवातीची धार बाजूला काढतो, कारण अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि इथाइल अ‍ॅसिटेट तिच्यात एकवटलेलं असतं. तो मधली धार ठेवतो आणि पहिली-शेवटची पुढच्या घाण्यात परत टाकतो. कुठे तोडायचं हे ठरवणं हीच त्याची कला. स्कॉटलंडमध्ये भांडं तांब्याचं असतं, कारण तांबं गंधकाची दुर्गंधी देणारी संयुगं धरून ठेवतं. अ‍ॅल्युमिनियमच्या डेगेला ते जमत नाही.

विषारी दारूबद्दलचा एक समज इथेच दूर करायला हवा. पहिली धार ओतून दिली की मिथेनॉल गेलं, असं सांगितलं जातं. मिथेनॉल 64.7 अंशांना उकळतं हे खरं, पण पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणात ते तसं सुटं निघत नाही, साऱ्या धारेत विखुरतं. फळाफुलांतल्या पेक्टिनपासून ते थोडं तयार होतंच. माणसं मरतात ती त्याने नव्हे. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक लोक गेले, ते दारू म्हणून विकलेल्या औद्योगिक मिथेनॉलने. बाटलीत काय आहे हे नाकाला किंवा जिभेला ओळखता येत नाही. ते प्रयोगशाळेतच कळतं. परवान्याबाहेरची दारू न घेण्याचं माझ्यापुरतं हे एकच कारण पुरेसं आहे.

व्हिस्कीचा खरा जन्म यानंतर होतो. भट्टीतून निघते तेव्हा ती पाण्यासारखी पांढरी असते. स्कॉच म्हणायचं तर ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं राहावं लागतं. लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन येतं, ओकमधल्या लॅक्टोनांनी खोबऱ्याचा वास येतो, आतून जाळलेल्या फळ्यांतून कॅरमेलचा. पिंपातून दरवर्षी काही भाग उडून जातो. स्कॉटलंडच्या थंडीत तो सुमारे दोन टक्के असतो. बेंगळुरूत, जिथे 'अमृत' मुरते, तो दहा टक्क्यांच्याही पुढे जातो. आपल्याकडे दारू वेगाने मुरते ती या उष्णतेमुळे. 'अमृत'ची सिंगल माल्ट 2004 मध्ये थेट ग्लासगोत बाजारात आली, त्यामागे हे गणित होतं. गोव्यात कुंकळ्ळीला तयार होणारी 'पॉल जॉन' हीही त्याच उष्णतेची लेक.

पण महामार्गावरच्या बारमध्ये व्हिस्की म्हणून जी स्वस्त बाटली मिळते, तिचा मुख्य ऐवज बऱ्याचदा उसाच्या मळीपासून गाळलेलं निर्गंध अल्कोहोल असतं. त्यात थोडी माल्ट, थोडा रंग, थोडा स्वाद. युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकायला परवानगी नाही. तिच्यापुढे मोहाची कमी प्रतीची मानायची, यात चवीचा विचार कुठेच नाही.

आता पेल्याकडे. तुलना करायची तर लेबल झाकून करावी. 2001 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांनी पांढऱ्या वाइनला लाल रंग दिला, तर वाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. डोळा नाकाला फसवतो. बाटलीची किंमतही फसवते. पेला वर निमुळता होणारा घ्या, दारू अगदी थोडी. नाक एकदम आत घालू नका, तोंड किंचित उघडं ठेवून दुरून वास घ्या. जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच सांगते. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते घशामागून नाकात चढणाऱ्या वाफेचं काम आहे.

घशाला जे भाजतं, ती चव नसते. मिरचीतलं कॅप्सायसिन ज्या ग्राहीला चेतवतं, तोच ग्राही अल्कोहोलनेही जागा होतो. एरवी तो 42 अंशांच्या आसपासच्या उष्णतेला प्रतिसाद देतो. अल्कोहोल ही मर्यादा 34 अंशांपर्यंत खाली आणतं, असं 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. म्हणजे तोंडाची नेहमीचीच ऊब तेवढ्यापुरती चटका वाटते. जास्त भाजते ती जास्त अस्सल, हा समज त्यामुळे टिकत नाही.

पाण्याचे थेंब टाकावेत की नाही, यावर चाहत्यांत भांडणं होतात. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी संगणकावर याचा शोध घेतला. धुरकट वासाचा ग्वायकॉल हा रेणू 45 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या मिश्रणात पृष्ठभागाजवळ राहतो. अल्कोहोल त्याहून बरंच वाढलं, की त्याचे रेणू ग्वायकॉलला वेढतात आणि तो आत ओढला जातो. कडक दारूत पाणी घातल्यावर वास खुलतो तो यामुळे. मोहाच्या दारूलाही मी न चुकता पाणी घालतो, आणि तिला त्याचा फायदा व्हिस्कीपेक्षा जास्त होतो. आधीचा झणका बसला की मागून फुलाचा वास येतो, त्यामागून अतिपक्व फळाचा, आणि शेवटी ओल्या मातीसारखं काहीतरी रेंगाळतं.

हे पेले शेजारी ठेवून माझं मत बनलं आहे ते असं: मोहाची तुलना व्हिस्कीशी करणंच चूक आहे. व्हिस्कीच्या स्वादातला मोठा वाटा लाकडाचा असतो. मोहाचा स्वाद फुलाचा आणि आंबवणाचा असतो, मुरवणीचा नाही. तिची खरी जोडी गोव्याच्या काजू फेणीशी. तीही झाडाचीच, तीही न मुरवता पिण्याची, तिलाही शहरातल्या लोकांनी वासावरून नाकारलेलं. पण फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. मोहाला आपल्याकडे कायद्याने वेगळंच स्थान दिलं.

1878 च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात दारू गाळण्यावर सरकारी पकड बसली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या उरणला मोठ्या भट्ट्या होत्या. तिथे गुजरातकडून आलेल्या मोहफुलांची दारू निघे आणि मुंबईला जाई, कर भरून. जंगलातल्या वाडीत निघणारी धार मात्र महसुलाच्या आड येत होती. म्हणून 1892 मध्ये खास मोहासाठी कायदा झाला, आणि तो ठाणे नि कुलाबा या जिल्ह्यांसाठी होता. दारू राहिली बाजूला, फूल घरात असणंच संशयाचं झालं. स्वातंत्र्यानंतर 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली फुलावरचे निर्बंध पुढे चालू राहिले. ते उठले 2021 मध्ये. आता मोहफुलं वेचता, साठवता आणि नेता येतात. गाळायला परवाना लागतोच.

त्याच वर्षी मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारशाचा दर्जा द्यायचं ठरवलं, आणि अलिराजपूर, दिंडोरीत आदिवासी बचत गटांच्या परवानाधारक भट्ट्या उभ्या राहिल्या. आपल्याकडे डहाणूला, जे 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं, 'साउथ सीज डिस्टिलरीज' मोहाची 'सिक्स ब्रदर्स महुरा' काढते आणि सिंगल माल्टही. फूल आणि धान्य एकाच छपराखाली गाळलं जातं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

दारूने मोडलेली घरं शहापूर-मुरबाडच्या वाड्यांमध्ये आहेत, आणि त्याचा भार बायकांनी वाहिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं, की आरोग्याच्या दृष्टीने दारूचं सुरक्षित असं कोणतंही प्रमाण नाही. ते व्हिस्कीला लागू आहे तितकंच मोहाला. म्हणूनच मी म्हणतो, जे निघतंच आहे ते उजेडात निघावं. फुलं झाडाखाली जाळी अंथरून स्वच्छ वेचलेली, आंबवणाचं तापमान मोजलेलं, धार योग्य ठिकाणी तोडलेली, बाटली तपासलेली, आणि पैसा वेचणाऱ्या हातांना. शहापूरच्या वनधन केंद्रातल्या कातकरी तरुणांनी गुळवेलीचा व्यवसाय उभा करून दाखवला आहे. मोहाचा परवाना मागायला ते आले, तर सरकारने तो द्यावा.

तोवर, मार्च-एप्रिलमध्ये डोळखांब, किन्हवली किंवा टोकावड्याकडे गेलात, तर वेचणाऱ्या बाईकडून वाळलेली मोहफुलं रास्त भावाने विकत घ्या आणि घरी भाजून खा. पंचवीस वर्षं पूर्ण असतील आणि प्यायचीच असेल, तर परवानाधारक दुकानातली बाटली घ्या, हातभट्टीची नको.