‘ड्रेस’ : एका इंग्रजी शब्दाचे पर्याय आणि अर्थविस्तार

प्रस्तावना

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत सन २००० पासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी विषय शिकविला जाऊ लागला. प्रारंभीच्या वर्षांत विद्यार्थी जे शब्द पाठ करतात त्यांत शरीराचे अवयव, फळे, प्राणी आणि कपडे यांची नावे असतात. ‘ड्रेस म्हणजे पोशाख’ हे समीकरण याच वयात मनात पक्के होते. पुढे हाच विद्यार्थी महाविद्यालयात येतो. वाणिज्य शाखेत त्याला ‘विंडो ड्रेसिंग’ भेटते, कृषी शाखेत ‘सीड ड्रेसिंग’, परिचर्या अभ्यासक्रमात ‘वूंड ड्रेसिंग’, तर राष्ट्रीय छात्रसेनेच्या संचलनात ‘राइट ड्रेस’ ही आज्ञा. यांपैकी एकाही ठिकाणी पोशाखाचा संबंध नाही.

अपरिचित शब्द आला की विद्यार्थी शब्दकोश उघडतो. परिचित शब्दाच्या बाबतीत मात्र तसे घडत नाही, कारण त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे अशी त्याची खात्री असते. इंग्रजी वाचताना होणारा अर्थाचा गोंधळ पुष्कळदा अशा सोप्या शब्दांपाशीच होतो आणि वाक्य का उलगडत नाही हे विद्यार्थ्याला कळतही नाही. प्रस्तुत लेखात ‘ड्रेस’ या शब्दाचे मूळ, त्याचे पर्यायी शब्द, त्याचे विविध अर्थ व मराठीत त्याने घेतलेले रूप यांचे विवेचन केले आहे. हे अर्थ परस्परांपासून तुटलेले नसून एकाच मूळ कल्पनेच्या शाखा आहेत, हे दाखविणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

शब्दाचे मूळ

‘ड्रेस’ हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतील ‘ड्रेसे’ या क्रियापदावरून इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधील ‘डिरेक्टस’ म्हणजे ‘सरळ केलेले’ हा शब्द आहे. इंग्रजीतील ‘डायरेक्ट’ हाही त्याच कुळातील. चौदाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत रुळला तेव्हा सरळ करणे, नीट लावणे, सिद्ध करणे असे त्याचे अर्थ होते. कपडे घालणे हा अर्थ त्यातूनच पुढे आला, कारण कपडे घालणे म्हणजे बाहेर पडण्यासाठी स्वतःला सिद्ध करणे. ‘स्त्रीचे एकसंध वस्त्र’ हा आज सर्वाधिक परिचित असलेला अर्थ त्याहूनही उशिरा, सतराव्या शतकात रूढ झाला. म्हणजे विद्यार्थी जो अर्थ प्रथम शिकतो तो या शब्दाच्या इतिहासात उशिराचा आहे.

जुना अर्थ दीर्घकाळ टिकून होता. बायबलच्या १६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात ईश्वर पहिल्या मानवाला एदेन बागेत ठेवतो तो बाग ‘ड्रेस’ करण्यासाठी आणि राखण्यासाठी. येथे बागेची मशागत करणे, ती नीट ठेवणे हाच अर्थ आहे. पोशाखाचा अर्थ लावल्यास वाक्य हास्यास्पद होईल.

तौलनिक भाषाशास्त्राच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. लॅटिनमधील ‘वेस्टिस’, इंग्रजीतील ‘वेअर’ हे क्रियापद आणि संस्कृतमधील ‘वस्’ धातू, ज्यापासून ‘वस्त्र’ व ‘वसन’ हे शब्द झाले, ही सर्व एकाच प्राचीन मुळाची रूपे आहेत. ‘डिरेक्टस’चे नाते मात्र संस्कृत ‘ऋजु’ म्हणजे सरळ या शब्दाशी जोडले जाते. तेव्हा ‘वेअर’ हा वस्त्राचा आप्त आणि ‘ड्रेस’ हा ऋजुतेचा. दोहोंचे कूळच भिन्न आहे.

पर्यायी शब्द आणि त्यांतील भेद

पर्यायशब्दांचा विचार भारतीय परंपरेला नवा नाही. अमरकोशात वस्त्र, वसन, अंशुक, चैल असे शब्द एकत्र ग्रथित केलेले आहेत. इंग्रजीत पीटर रॉजे यांचा १८५२ साली प्रसिद्ध झालेला थिसॉरस कल्पनेनुसार शब्दांची मांडणी करतो. तथापि पर्यायी शब्द म्हणजे एकमेकांच्या जागी कोठेही चालणारे शब्द नव्हेत.

‘क्लोथ्स’ हा सर्वांत सामान्य शब्द, मराठीतील ‘कपडे’ या अर्थाचा. त्याला आजच्या इंग्रजीत एकवचन नाही. ‘क्लोथ’ म्हणजे कापड, आणि ‘माय क्लोथ इज न्यू’ असे लिहिणारा विद्यार्थी कापडाविषयी बोलत असतो, सदऱ्याविषयी नव्हे. एका कपड्यासाठी ‘गारमेंट’ हा शब्द आहे. तो व्यवहारात विशेषतः वस्त्रोद्योगात व दुकानदारीत आढळतो. ‘अपॅरल’ हाही व्यापारी व काहीसा औपचारिक शब्द. ‘अटायर’ निमंत्रणपत्रिकेत शोभतो. ‘आउटफिट’ म्हणजे एका प्रसंगासाठी जुळवून घातलेला संपूर्ण जामानिमा. ‘कॉस्च्यूम’ हा नाटकातील वा विशिष्ट प्रदेशाचा आणि काळाचा वेश. तो ‘कस्टम’ म्हणजे रूढी या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. ‘युनिफॉर्म’मध्ये ‘एकच रूप’ हा अर्थ उघड आहे. ‘रोब’ या भारदस्त शब्दाच्या मुळाशी लुटीचा माल हा अर्थ असून ‘रॉब’ म्हणजे लुटणे हे क्रियापद त्याचेच नातलग आहे. लुटीत वस्त्रांना मोल होते, त्या काळाची ही खूण होय.

या यादीत एक साम्य आढळते. ‘अटायर’चा मूळ अर्थ ओळीत नीट लावणे, ‘अपॅरल’चा तयार करणे, ‘गारमेंट’चा साधनांनी सज्ज करणे, तर ‘आउटफिट’चा सफरीसाठी लागणारी सामग्री पुरविणे असा आहे. सिद्धतेच्या कल्पनेतून पोशाखाच्या कल्पनेकडे जाणारा ‘ड्रेस’ हा एकटाच शब्द नाही. मराठीतही ‘सज्ज’ म्हणजे तयार आणि ‘सजणे’ म्हणजे नटणे हे शब्द एकाच मुळाचे आहेत. हा दुवा ध्यानात आला तर ‘ड्रेस’चे पुढील सर्व अर्थ मराठी विद्यार्थ्याला परके वाटणार नाहीत.

क्रियापद म्हणून ‘ड्रेस’ : कर्म कोणते?

मराठीत वस्त्राच्या प्रकारानुसार क्रियापद बदलते. साडी नेसतात, सदरा घालतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात. या सर्वांत कर्म वस्त्र हेच असते. इंग्रजीत ‘वेअर’ व ‘पुट ऑन’ यांचेही कर्म वस्त्रच असते. ‘पुट ऑन’ ही घालण्याची क्रिया आणि ‘वेअर’ ही घातलेले असण्याची अवस्था, एवढाच भेद. ‘ड्रेस’चे कर्म मात्र वस्त्र नसून व्यक्ती असते. आई मुलाला ‘ड्रेस’ करते, सदऱ्याला नव्हे. ‘ही ड्रेस्ड अ शर्ट’ हे वाक्य त्यामुळे चुकते. वस्त्राचा उल्लेख करावयाचा झाल्यास ‘ड्रेस्ड इन’ अशी रचना करावी लागते.

हा केवळ व्याकरणाचा बारकावा नाही. शब्दाच्या अनेकार्थतेची किल्ली येथेच आहे. ज्याला नीट करावयाचे, ज्याला उपयोगास सिद्ध करावयाचे, ते ‘ड्रेस’चे कर्म. ती व्यक्ती असेल तर कपडे घालणे हा अर्थ निघतो. कर्म बदलले की सिद्ध करण्याची रीत बदलते आणि तिच्याबरोबर मराठी प्रतिशब्दही.

जखम ‘ड्रेस’ करणे म्हणजे ती स्वच्छ करून मलमपट्टी करणे. शासकीय रुग्णालयांतील ‘ड्रेसर’ या पदाला मराठीत ‘व्रणोपचारक’ म्हणतात, तेव्हा या अर्थाचे अचूक भाषांतर झालेले असते. कोंबडी ‘ड्रेस’ करणे म्हणजे पिसे व आतडी काढून ती शिजविण्यायोग्य करणे. ‘ड्रेस्ड चिकन’ या पाटीचा अर्थ इतकाच. येथे आवरण चढविले जात नाही, उलट काढले जाते, हे विशेष. कोशिंबिरीसारख्या सॅलडला तेल, आंबट व मसाला लावणे हेही ‘ड्रेसिंग’. पाथरवट दगड घडवून सरळ करतो आणि सुतार लाकूड तासून गुळगुळीत करतो, तेव्हा त्या कामालाही हाच शब्द आहे व तेथे ‘सरळ करणे’ हा मूळ अर्थ जसाच्या तसा उरला आहे.

शेतीत ‘सीड ड्रेसिंग’ म्हणजे पेरणीपूर्वी बियाण्यास औषध चोळण्याची बीजप्रक्रिया, तर ‘टॉप ड्रेसिंग’ म्हणजे उभ्या पिकास दिलेले वरखत. संचलनात ‘राइट ड्रेस’ म्हणजे उजवीकडे पाहून रांग सरळ करणे. याची हिंदी आज्ञा ‘दाहिने सज’ अशी आहे. भाषांतरकाराने ‘सज’ हा शब्द योजून मूळ कल्पना नेमकी पकडली आहे.

काही प्रयोग लाक्षणिक आहेत. ‘विंडो ड्रेसिंग’ ही मुळात दुकानाच्या दर्शनी खिडकीची मांडणी. त्यावरून, वर्षअखेरीस हिशेब असे मांडणे की संस्थेची स्थिती आहे त्याहून चांगली दिसावी, हा अर्थ लेखाशास्त्रात आला. येथे मुख्यार्थाला बाध येऊन लक्षणेने अर्थ घ्यावा लागतो. ‘ड्रेसिंग डाउन’ म्हणजे खरडपट्टी काढणे. ‘ड्रेस रिहर्सल’साठी मराठी रंगभूमीने ‘रंगीत तालीम’ हा स्वतःचा शब्द घडविला आणि शब्दशः भाषांतराची वाट टाळली. नाट्यगृहातील ‘ड्रेस सर्कल’ हे नाव मात्र पोशाखावरूनच पडले, कारण त्या सज्ज्यात बसणाऱ्यांनी औपचारिक वेशात येण्याचा प्रघात होता.

याच कुळातील ‘रिड्रेस’ या शब्दाचा अर्थ पुन्हा पोशाख करणे असा नसून बिघडलेले पुन्हा सरळ करणे असा आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ अन्वये स्थापन झालेले मंच आणि २०१९ च्या अधिनियमानंतरचे ग्राहक तक्रार निवारण आयोग यांच्या इंग्रजी नावांत हा शब्द येतो. न्याय मागणाऱ्या नागरिकाला तो समजणे अगत्याचे आहे.

मराठीतील ‘ड्रेस’

मराठीने हा शब्द स्वीकारताना त्याचा अर्थ एका बाजूने संकुचित व दुसऱ्या बाजूने विस्तृत केला. नीट करण्याचा व्यापक अर्थ गळाला. ‘ड्रेसिंग’ हे रुग्णालयापुरते आणि ‘ड्रेसिंग टेबल’ हे घरापुरते वेगळे शब्द म्हणून राहिले. उलट, इंग्रजीत ‘अ ड्रेस’ म्हणजे प्रामुख्याने स्त्रियांचे वा मुलींचे एकसंध वस्त्र, पण मराठीत मुलाला दिवाळीला ‘नवा ड्रेस’ घेतात, शाळेचा गणवेश हा ‘शाळेचा ड्रेस’ असतो आणि सलवार, कमीज व ओढणी मिळून ‘पंजाबी ड्रेस’ होतो. मराठीत हे सर्व प्रयोग योग्यच आहेत. इंग्रजी लिहिताना मात्र आपल्या भावासाठी ‘अ न्यू ड्रेस’ आणल्याचे विद्यार्थी लिहितो, तेव्हा वाचकाचा गैरसमज होतो. पुरुषांच्या बाबतीत ‘नॅशनल ड्रेस’ किंवा ‘इव्हनिंग ड्रेस’ असा समूहवाचक प्रयोग चालतो, पण तेथे ‘अ’ हे उपपद लागत नाही.

संदर्भ आणि अध्यापन

अनेकार्थी शब्दाचा अर्थ कशाने ठरतो, याचा विचार भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त केला आहे. संयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण ही त्याने सांगितलेली काही गमके होत. ‘सैंधव आण’ हे प्रसिद्ध उदाहरण सर्वपरिचित आहे. भोजनाच्या वेळी सैंधव म्हणजे मीठ, प्रस्थानाच्या वेळी सैंधव म्हणजे घोडा. ‘ड्रेस’ला हीच कसोटी लावता येते. शेजारी ‘वूंड’ आहे की ‘सॅलड’, ‘सीड’ आहे की ‘चाइल्ड’, हे पाहिले की अर्थ निश्चित होतो.

तथापि ‘सैंधव’च्या दोन अर्थांत निवड करावी लागते, तर ‘ड्रेस’च्या अर्थांत मूळ कल्पना एकच राहते. मराठीत ‘सूट’ म्हणजे सवलत आणि ‘सूट’ म्हणजे कोट-विजार हे योगायोगाने सारखे उच्चारले जाणारे दोन भिन्न शब्द आहेत. ‘ड्रेस’ तसा नाही. म्हणून त्याचे दहा अर्थ सुटे पाठ करावयास लावण्यापेक्षा ‘उपयोगासाठी नीट करणे’ ही एक कल्पना आणि कर्म पाहण्याची सवय शिक्षकाने दिली, तर विद्यार्थ्याला अकरावा अर्थ स्वतःच लावता येईल. शब्दांच्या यादीत ‘ड्रेस : पोशाख’ अशी एकच नोंद न देता ‘ड्रेस द चाइल्ड’ व ‘ड्रेस द वूंड’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवणे हा त्याचा साधा उपाय आहे.

निष्कर्ष

‘ड्रेस’ हा शब्द मुळात वस्त्रवाचक नसून सिद्धतावाचक आहे. पोशाख हा त्याच्या अर्थविस्तारातील एक, जरी सर्वाधिक प्रचलित, टप्पा होय. त्याच्या पर्यायी शब्दांत प्रसंग, औपचारिकता व व्यवसाय यांनुसार भेद आहेत आणि त्यांतील कित्येकांनी हाच प्रवास केला आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची इंग्रजीतील अडचण दरवेळी शब्दसंग्रहाच्या तोकडेपणाची नसते. हाताशी असलेल्या शब्दाचा एकच अर्थ त्याला दिला गेला, हेही तिचे एक कारण असते. ‘सज्ज’ आणि ‘सजणे’ यांचे नाते जाणणाऱ्या मराठी विद्यार्थ्याजवळ हा शब्द समजून घेण्याची सामग्री त्याच्या मातृभाषेतच आहे.