लावणीची कंबर, मनावरचा भार आणि दहा मिनिटांचा योग



जूनच्या ७-८ तारखेला मृग लागतो. तेव्हापासून दिवाळीनंतर भात झोडून कणगीत पडेपर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या भातशेतकऱ्याच्या जिवाला स्वस्थता नसते. पाऊस लांबला की राबातले आवण पिवळे पडते. पाऊस आला तर लावणीला माणसे मिळत नाहीत, कारण घरची तरुण पोरे सकाळच्या लोकलने कामाला गेलेली असतात. भात निसवले की पुन्हा आभाळाकडे डोळे. २०१९ साल आठवून पाहा. २७ जुलैला उल्हास नदीला असा पूर आला की बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली; आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर क्यार वादळाच्या वेळचा पाऊस कापून ठेवलेल्या भातावर पडला. एकाच हंगामात दोनदा तोंडचा घास हिरावला.

त्यात जमिनीची काळजी वेगळीच. कल्याणजवळची सत्तावीस गावे १९८३ साली महापालिकेत गेली, २००२ साली बाहेर आली, २०१५ साली पुन्हा आत घेतली गेली. समृद्धी महामार्ग शहापूर, कल्याण करीत भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावापर्यंत आला. त्याचा शेवटचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाला. मोजणी, नोटीस, मोबदला, भावाभावांच्या वाटण्या, दलालांच्या खेपा. रात्री पाठ टेकली की हे सगळे डोक्यात फिरू लागते. झोप लागत नाही, जेवणावर वासना राहत नाही, पोराबाळांवर विनाकारण ओरडणे होते, छातीत धडधडते. काहींचा हात तंबाखूकडे जातो, काहींचे पाय संध्याकाळी गुत्त्याकडे वळतात.

गावात गेले की आम्हांला लोक करप्याबद्दल विचारतात, खोडकिड्याबद्दल विचारतात, युरिया कधी टाकायचा ते विचारतात. ही तक्रार मात्र कोणी उघड करीत नाही. बोलता बोलता ती निघतेच, म्हणून या वेळच्या पत्रकात तिचाच विचार करू.

काम म्हणजे व्यायाम नव्हे

योगाचे नाव काढले की पहिला सवाल ठरलेला असतो : "साहेब, आम्ही दिवसभर चिखलात राबतो, आणखी व्यायाम कशाला? हे शहरातल्या बसून खाणाऱ्यांचे काम." सवाल रास्त आहे. २१ जूनचा आंतरराष्ट्रीय योग दिवस २०१५ पासून साजरा होतो. त्या सकाळी शहरातल्या मैदानांवर सतरंज्या अंथरलेल्या असतात, आणि त्याच सुमारास आर्द्रा लागत असल्याने आपण बांधबंदिस्तीला आणि खाचर उखळायला लागलेलो असतो. मैदानावर जायला कोणाला वेळ आहे?

पण जरा विचार करा. लावणीला बाई किंवा गडी सकाळी खाचरात उतरला की दिवसभर कंबरेतून पुढेच वाकलेला असतो. आवण खणताना पुढे, मूठ बांधताना पुढे, लावताना पुढे. बेणणीला पुढे, कापणीला पुढे, भारा उचलताना पुन्हा पुढेच. दिवसातून शेकडो वेळा शरीर एकाच बाजूला वाकते आणि मागे एकदाही वळत नाही. एकाच बाजूने ओढला जाणारा नांगराचा दोर जसा त्याच जागी झिजतो, तशी कंबर झिजते. म्हणून आपल्याला हवा आहे तो आणखी घाम काढणारा व्यायाम नव्हे. जे कामात होत नाही तेवढेच करायचे आहे : पाठ उलट्या बाजूला वळवायची, आणि श्वास लांब करायचा.

योग हा शब्दही आपल्याला परका नाही. तो 'युज्' म्हणजे जोडणे, जुंपणे या धातूवरून आला, आणि बैलाच्या मानेवरचे 'जू' त्याच घरातले. जुंपणे आपल्याला चांगले येते. जू उतरवायला मात्र आपण विसरतो. संध्याकाळी बैल सोडला की तो मोठा श्वास टाकतो, अंग झटकतो, मग वैरणीला तोंड लावतो. माणूस घरी येतो तो हिशेब डोक्यात घेऊनच.

श्वासाचे काम काय?

भीती वाटली किंवा राग आला की श्वास छातीतल्या छातीत आणि भरभर चालतो, नाडी वाढते, अंगातले स्नायू ताठ होतात. साप दिसला तर हे हवेच, त्याने जीव वाचतो. पण सोसायटीच्या कर्जाची नोटीस काही साप नव्हे. ती महिनोन्महिने घरात पडून असते, आणि शरीर मात्र रोज साप दिसल्यासारखे वागते. थकवा त्यातून येतो, काम न करताही येतो.

मनाला 'शांत हो' म्हणून हुकूम सोडता येत नाही. श्वास मात्र आपल्या हाती आहे. डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटे ठेवून नाडी पाहा. आता सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. तरुण माणसात हा फरक जास्त स्पष्ट कळतो. मेंदूपासून हृदयापर्यंत येणारी एक मज्जा आहे, ती श्वास सोडताना हृदयाला आवर घालते. सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा लांब ठेवला की हा आवर जास्त वेळ राहतो. यात मंत्रतंत्र काही नाही, आणि कोणत्याही धर्माच्या माणसाने करावे असे हे आहे.

हे तपासून पाहण्याचे काम आपल्या शेजारीच सुरू झाले. कल्याणहून पुण्याच्या गाडीत बसले की कर्जतनंतर घाट चढून लोणावळा येते. तिथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढले आणि आसन-प्राणायामांनी शरीरात काय फरक पडतो हे यंत्रे लावून मोजायला घेतले. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्यांचे नियतकालिक निघू लागले. नवे बियाणे आपण आधी एका गुंठ्यात करून पाहतो, त्याच जातीची ही वृत्ती.

कंबरदुखीपुरते बोलायचे तर जगभरचे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली असे मांडले की, काहीच व्यायाम न करणाऱ्यांच्या मानाने योग करणाऱ्यांची जुनी कंबरदुखी तीन ते सहा महिन्यांत काही प्रमाणात सुधारते. पण इतर चांगल्या व्यायामापेक्षा योग वरचढ आहे असे म्हणण्याइतका पुरावा नाही. म्हणजे गुण आहे, चमत्कार नाही. आठ दिवसांत कंबर नवी होईल असे सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहावे.

करायचे कसे?

पहिली गोष्ट शेतातच. लावणी करताना तास-दीड तासाने बांधावर यावे. पाय थोडे फाकून उभे राहावे, दोन्ही तळहात कमरेवर मागच्या बाजूला टेकावेत, बोटे खाली. श्वास घेत घेत छाती वर उचलून हळूच मागे झुकावे. मान पाठीवर टाकू नये. एक-दोन श्वास थांबावे, सरळ व्हावे. असे पाच वेळा. इरले किंवा प्लास्टिक अंगावर असले तरी चालते. याला दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि मुकादमाने किंवा घरधन्याने सगळ्यांनाच एकदम थांबवले तर कोणाला संकोचही वाटत नाही. लावणीत बायकाच जास्त असतात. पुरुषांनी बांधावर आळोखेपिळोखे द्यावेत आणि बायकांनी वाकून राहावे, असे होऊ देऊ नये.

दुसरी गोष्ट संध्याकाळी, हातपाय धुऊन, जेवणाआधी. पडवीत किंवा ओटीवर घोंगडी टाकावी. प्रथम पालथे पडून पाय थोडे फाकवावेत, हातांची उशी करून त्यावर कपाळ टेकावे आणि दहा-बारा श्वास पडून राहावे. हे मकरासन. नुसते पडल्यासारखे दिसते, पण पोट जमिनीला टेकल्यामुळे श्वास आपोआप पोटाने चालू लागतो. मग तळहात खांद्यांखाली ठेवून डोके आणि छाती वर उचलावी. बेंबी जमिनीलाच टेकलेली असावी. हे भुजंगासन. हातांनी रेटून उंच जाण्याची चढाओढ करू नये, पाठीला जेवढे झेपेल तेवढेच. तीन वेळा पुरे. नंतर उताणे होऊन एकेक गुडघा दोन्ही हातांनी पोटाशी घ्यावा, पाच श्वास थांबून सोडावा. दिवसभर आखडलेली कंबर इथे मोकळी झाल्याचे कळते.

आता श्वास. मांडी घालून बसावे; गुडघे धरत असतील तर पाटावर किंवा खुर्चीवर बसावे. मनात चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा, सहा किंवा आठ मोजत सोडावा. कोंडून धरू नये. दहा-पंधरा वेळा झाल्यावर सोडताना ओठ मिटून भुंग्यासारखा गुणगुणता आवाज काढावा, पाच वेळा. याला भ्रामरी म्हणतात. पोरे हसतील, हसू द्यावे. चार दिवसांनी तीच शेजारी येऊन बसतात.

शेवटी शवासन. उताणे पडून हातपाय सैल सोडावेत, आणि पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक अवयव मनाने सैल करीत यावे. डोक्यात सावकाराचा आकडा आला तर त्याच्याशी भांडू नये, पुन्हा श्वासाकडे यावे. झोप लागली तर लागली. ज्यांना रात्री झोप येत नाही त्यांनी हे अंथरुणातच करावे.

एवढ्याला दहा-बारा मिनिटे लागतात. सूर्यनमस्कार चांगलेच, औंधच्या पंतप्रतिनिधींनी ते घरोघरी नेले. पण लावणीच्या पंधरा-वीस दिवसांत बाराबारा नमस्कारांची हौस नको, थकल्या अंगाला ती आणखी एक मजुरी होते. ते मळणीनंतर, हिवाळ्यात सुरू करावेत.

कुठे थांबायचे?

पोटभर जेवणानंतर तीन-चार तास आसने करू नयेत. नुसता सावकाश श्वास केव्हाही चालतो. हर्निया, नुकतेच झालेले पोटाचे ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर भुजंगासन नको. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी श्वास कोंडणे, कपालभाती, शीर्षासन या वाटेला जाऊ नये, आणि चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. कंबरेतून कळ पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा पाय लुळा वाटत असेल तर आधी डॉक्टर.

दोन गोष्टी तर फार महत्त्वाच्या, कारण त्यांत जीव जातो. पावसाळ्यात चिखलात काम केल्यावर ताप आला, पोटऱ्या फार दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर तो लावणीचा शीण समजून अंग चोळीत बसू नका. तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. उंदीर-घुशींच्या मुतातून तो पाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतो. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि भातखाचरात काम केल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे. तसेच औषध फवारल्यावर घाम सुटणे, मळमळणे, तोंडाला लाळ सुटणे, डोळ्यांपुढे अंधुक होणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. तिथे प्राणायाम कामाचा नाही. कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी घेऊन दवाखाना गाठावा. फवारणीच्या दिवशी आंघोळ होईपर्यंत आणि फवारलेल्या शेताजवळ दीर्घ श्वास मुळीच घेऊ नयेत.

आणखी एक, स्पष्टच बोलतो. श्वासाने कर्ज फिटत नाही, मोबदला मिळत नाही, पडलेले भात उभे राहत नाही. त्यासाठी पंचनामा, पीक विमा, सोसायटी, तलाठी हे खेटे घालावेच लागतात. फक्त ते घालताना डोके जागेवर राहावे एवढाच योगाचा उपयोग. घरातला माणूस पंधरा दिवस गप्प गप्प असेल, जेवण टाकत असेल, 'आता जगून काय करायचे' असे बोलत असेल, तर त्याला आसने शिकवीत बसू नका. त्याच्याजवळ राहा, फवारणीचे औषध कुलपात ठेवा आणि १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लावा. तो केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केला, फोन फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येते. शेतीच्या सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर आहेच.

पुस्तकात वाचून आसने शिकण्यापेक्षा एकदा जाणत्याच्या नजरेखाली करावीत. ठाण्यात घंटाळी मित्र मंडळ आणि अंबिका योग कुटीर या जुन्या संस्था योग शिकवतात. भाजी घेऊन कल्याणच्या बाजारात जाणाऱ्यांनी जवळपासच्या वर्गाची चौकशी करावी. गावातल्या एका शिक्षकाने किंवा बचत गटातल्या एका बाईने नीट शिकून घेतले तरी वाडीला पुरते. राब पेरल्यापासून लावणीपर्यंत तीन-साडेतीन आठवडे मिळतात, तेवढ्यात घरातल्या सगळ्यांनी हे अंगवळणी पाडून घ्यावे. एकदा खाचरात पाय पडले की नवे शिकायला सवड मिळत नाही.