विषावर जगणारा जंतू

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील सुमारे 337 टन विषारी कचरा इंदूरजवळच्या पीथमपूर येथे 2025 साली जाळण्यात आला. पोत्यांत भरता येते ते भट्टीत घालता येते. परंतु मातीत मुरलेल्या विषाचे काय करावे? ह्या कारखान्याच्या जमिनीत जी विषे आढळली, त्यांत शेतकऱ्यांच्या परिचयाची बी. एच. सी. पावडरही आहे. तिच्या प्रत्येक रेणूला क्लोरीनचे सहा अणू चिकटलेले असतात, म्हणूनच ती वर्षानुवर्षे कुजत नाही. भारतात तिच्यावर 1997 साली बंदी आली.

हे विष पचविणारा जंतू आपल्याच उसाच्या मुळांभोवतालच्या मातीत सापडला, हे विशेष! 2005 साली त्यास ‘स्फिंगोबियम इंडिकम’ असे नाव मिळाले. तो रेणूवरील क्लोरीन टप्प्याटप्प्याने सोडवितो आणि उरलेल्या कर्बावर आपली गुजराण करतो. मात्र त्यास हवा व ओलावा लागतो. खोल, घट्ट जमिनीत त्याचे काम मंदावते. बी. एच. सी.चा ‘बीटा’ हा प्रकार तर मोठा चिवट. तो जंतूलाही सहजासहजी पचत नाही. आणि भोपाळच्या त्याच मातीत असलेल्या पाऱ्यापुढे ह्या जंतूचा काहीच उपाय चालत नाही.