घरातील संगीत आणि हातातील पाटी

कामगार संघटनेचा माणूस वसंत व्याख्यानमालेत बोलावयास उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी कामगार यांवर बोलणार, असा श्रोत्यांचा अंदाज असतो व तो बहुधा खरा ठरतो. या खेपेस आम्ही चालकांकडून निराळा विषय मागून घेतला. घरात गाणी ऐकण्याची जी नवी यंत्रणा आली आहे, ती चालविण्यासाठी बेताच्या किमतीचा टॅब्लेट कसा निवडावा, हा तो विषय होय. तो कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु आमच्या निवृत्त सभासदांकडून पेन्शनच्या खालोखाल हाच प्रश्न आमच्यापुढे येतो, आणि विचारणारा माणूस ग्रॅच्युइटीतून बाजूला काढलेले दहा-बारा हजार रुपये मुठीत धरून विचारीत असतो. ते चुकीच्या वस्तूत गेले तर दुसऱ्यांदा निघावयाचे नाहीत.

प्रथम हा टॅब्लेट हवाच कशाला, ते पाहू. आमच्या लहानपणी चाळीतल्या खोलीत फळीवर रेडिओ असे. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरची 'कामगार सभा' लागली की खोलीतले सगळे ऐकत, आणि रेडिओची कळ आजीच्याही हाताशी असे. आता घरात वाय-फायवर चालणारे स्पीकर आले, हजारो गाणी आली. पण कळ गेली ती घरातल्या कर्त्या मुलाच्या फोनमध्ये. आमचे एक जुने सहकारी आहेत, फिटर म्हणून तीस वर्षे काम केलेले. त्यांच्या घरी गेलो असता वहिनी म्हणाल्या, "भाऊ, गाण्याचं यंत्र घरात आलं, पण गाणं लावायला आम्ही संध्याकाळची वाट बघतो. पोरगा कामावरून येतो तेव्हा त्याचा फोन येतो, आणि मग आमचं गाणं येतं." दिवसभर घरात असणारी दोन माणसे मुकी आणि बारा तास बाहेर असणाऱ्याच्या खिशात घराचे संगीत, असा हा उलटा कारभार. तो सुलटा करावयाचा तर कोणा एकाच्या मालकीचे नसलेले, घराच्या टेबलावर राहणारे एक साधन हवे. टॅब्लेट तेवढ्यासाठी घ्यावयाचा आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे दुकानदाराच्या निम्म्या गोष्टी कानांआड करता येतात.

पुष्कळांचा असा समज असतो की गाणे टॅब्लेटमधून निघून स्पीकरमध्ये जाते, म्हणून टॅब्लेट जितका दमदार तितके गाणे चांगले. चांगल्या यंत्रणेत असे घडत नाही. रेल्वेच्या सांध्यावरचा सांधेवाला गाडीला वाट लावून देतो. गाडी काही त्याच्या खांद्यावरून जात नाही. त्याचप्रमाणे टॅब्लेट केवळ हुकूम देतो की अमुक गाणे तमुक खोलीत वाजव. मग स्पीकर किंवा ॲम्प्लिफायरला जोडलेले यंत्र ते गाणे स्वतःच इंटरनेटवरून किंवा घरच्या हार्ड डिस्कवरून आणते. सीडीच्या दर्जाचे संगीत म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख बिट. हा सगळा भार त्या यंत्रावर आणि राउटरवर पडतो. टॅब्लेटच्या वाट्यास चिठ्ठीचपाटी पोचविण्याचे काम उरते. स्पॉटिफायची 'कनेक्ट' पद्धत किंवा गूगलची 'कास्ट' पद्धत अशीच चालते. ब्लूटूथचे मात्र तसे नाही. तेथे गाणे खरोखरीच हातातल्या साधनातून जाते. आपण ते घेऊन दोन भिंतींपलीकडे गेलो की गाणे तुटते, आणि ते साधन फोन असेल तर फोन आला की गाणे थांबते. ज्यांच्याकडे केवळ ब्लूटूथचा स्पीकर आहे त्यांनी टॅब्लेटवर पैसे घालण्याआधी त्या स्पीकरचा विचार करावा.

आता आमची स्वतःची फजिती सांगतो. वरील मित्रासाठी आम्ही प्रथम सुमारे सहा हजारांचा, फारसे नाव नसलेल्या एका कंपनीचा टॅब्लेट आणला. नाट्यगीतांची एक माळ लावली. पहिले पद झाले आणि शांतता. टॅब्लेटला बोट लावून जागे केले की दुसरे पद सुरू. ते संपले की पुन्हा शांतता. आम्ही दुकानदाराकडे गेलो आणि त्याच्याशी संपाच्या नोटिशीच्या भाषेत बोललो. तो बिचारा म्हणाला, "साहेब, टॅब्लेट ठीक आहे, तुमची जोडणी बघा." त्याचे म्हणणे बव्हंशी खरे होते, हे आम्हांस पुढे आमच्या एका सभासदाच्या मुलाने, जो आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकतो, समजावून दिले.

गोष्ट अशी की गाण्यांची यादी, म्हणजे यानंतर काय वाजवावयाचे याची रांग, कोठे तरी ठेवावी लागते. काही पद्धतींत ती वाजविणाऱ्या यंत्रात किंवा घरच्या सर्व्हरमध्ये असते. साध्या यूपीएनपी पद्धतीत ती बहुधा टॅब्लेटमधल्या ॲपमध्ये राहते. अँड्रॉइडचा टॅब्लेट बॅटरी वाचविण्यासाठी झोपी जातो, आणि स्वस्त टॅब्लेट तर पडद्याआड चाललेली ॲपे सरळ बंद करून टाकतात. सांधेवालाच झोपला म्हणजे पुढली गाडी उभी राहावयाचीच. त्या ॲपपुरती बॅटरी वाचविण्याची अट सेटिंगमध्ये जाऊन काढून टाकली, तेव्हा आमची शांतता पुष्कळशी कमी झाली. पुढे रांग यंत्रातच ठेवणारी पद्धत बसविली, तेव्हा ती पुरती गेली. 'ओपनहोम' नावाची यूपीएनपीची जी सुधारलेली पद्धत आहे, ती यासाठीच निघाली. म्हणून खरेदी करणाऱ्याने एक परीक्षा अवश्य घ्यावी: चार गाणी रांगेत लावावीत, टॅब्लेट पूर्ण बंद करावा, आणि चहा घ्यावा. चहा संपेपर्यंत दुसरे गाणे लागले असेल तर कितीही साधा टॅब्लेट चालेल. लागले नसेल तर महागड्या टॅब्लेटनेही पुरते समाधान होणार नाही.

मग कशावर पैसे खर्च करावेत? कॅमेऱ्यावर नको. सिमकार्डच्या सोयीवरही नको. घरातले यंत्र घरच्या राउटरवर असते आणि मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून ते दिसतच नाही. वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान खऱ्या, पण भिंतींतून कमी जातात. हुकूम पोचविण्यास जुन्या २.४ गिगाहर्ट्झच्या पुरतात. येथे एक खोच मात्र आहे. राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळे जाळे करण्याची सोय असते, आणि टॅब्लेट चुकून त्या जाळ्यावर गेला तर त्याला स्पीकर सापडत नाही. अशा वेळी लोक टॅब्लेट परत करावयास निघतात. त्यांनी आधी जाळ्याचे नाव पाहावे.

रॅमवर मात्र काटकसर करू नये. २ जीबी रॅमच्या टॅब्लेटवर अल्बमांची चित्रे सरकविताना आमचा जीव मेटाकुटीस आला. ४ जीबी असावी. २०२३ साली भारतात आलेला सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब ए९ पाहा: ८.७ इंचांचा पडदा, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, आणि बाजारात आला तेव्हाची किंमत १२,९९९ रुपये. आमच्या मते या कामाला एवढ्या मापाची वस्तू रास्त होय. हाच घ्या, असे आमचे म्हणणे नाही. याच्या आसपासचे काहीही चालेल. हातात धरावयाचा तर आठ-साडेआठ इंच बरा. दृष्टी अधू असून टॅब्लेट स्टँडवरच राहणार असेल तर दहा इंचांचा घ्यावा. याहून फार खाली उतरू नये. २०११ साली विद्यार्थ्यांसाठी सरकारने 'आकाश' टॅब्लेट आणला, तो सात इंचांचा आणि २५६ एमबी रॅमचा होता. त्याचा पडदा नुसत्या स्पर्शाने नव्हे, तर दाबाने चाले. हेतू उत्तम होता, पण मुलांची बोटे दुखली आणि पुढच्याच वर्षी दुसरी, सुधारलेली आवृत्ती काढावी लागली. गरिबासाठी म्हणून केलेली वस्तू निकृष्ट असली तर ती गरिबालाच दोनदा विकत घ्यावी लागते, हे आम्ही रेशनच्या रांगेपासून पाहत आलो आहोत.

वेगापेक्षा वर्षे विकत घ्यावीत. टॅब्लेट मोडत नाही; तो मागे पडतो. कंपनी नवी अँड्रॉइड देणे थांबविते, मग गाण्याचे ॲप जुन्या अँड्रॉइडवर चालेनासे होते, आणि धडधाकट पडद्याची वस्तू माळ्यावर जाते. म्हणून दुकानात 'प्रोसेसर कोणता' यापेक्षा 'सुरक्षिततेची सुधारणा कोणत्या सालापर्यंत मिळणार' हे विचारावे. या बाबतीत ॲपलची बाजू बळकट आहे हे कबूल केले पाहिजे. २०१४ च्या आयपॅड एअर २ ला २०२१ चे आयपॅडओएस १५ मिळाले, म्हणजे सात वर्षे. नवा आयपॅड आमच्या सभासदांच्या ऐपतीबाहेर आहे. परंतु तीन-चार वर्षे वापरलेला, खात्रीच्या माणसाकडचा मिळाला, आणि आधीच्या मालकाने आपले खाते त्यावरून काढून दिले, तर तो विचारात घेण्याजोगा आहे.

पण टॅब्लेटचे आयुष्य टॅब्लेटवरच अवलंबून नाही. सोनोस या अमेरिकन कंपनीने २००५ साली आपल्या स्पीकरांबरोबर सीआर१०० नावाचा हातात धरावयाचा नियंत्रक काढला होता, चांगला चाकाचा आणि रंगीत पडद्याचा. २०१८ साली कंपनीने आपली नवी प्रणाली त्याला देणे बंद केले, आणि ती प्रणाली स्पीकरांवर चढविली की हा नियंत्रक निकामी होई. लोकांच्या हातातली चालती वस्तू अशी गेली. त्याच कंपनीने मे २०२४ मध्ये नवे ॲप आणले. त्यात गजर, झोपेची वेळ लावणे, रांग बदलणे या जुन्या सोयी सुरुवातीस नव्हत्या. गिऱ्हाइकांचा एवढा गदारोळ झाला की जानेवारी २०२५ मध्ये कंपनीचे मुख्य अधिकारी पॅट्रिक स्पेन्स पायउतार झाले. तेव्हा कोणी कितीही उत्तम टॅब्लेट घेतला असता, तरी कळ कंपनीकडेच होती.

याउलट दुसरे उदाहरण. स्लिम डिव्हायसेस नावाच्या लहान कंपनीने २००३ साली 'स्क्वीझबॉक्स' हे यंत्र काढले. २००६ साली लॉजिटेकने ती कंपनी घेतली आणि २०१२ साली ही यंत्रे करणे थांबविले. २०२४ साली तिने त्यांची इंटरनेटवरची सेवाही बंद केली. एवढे होऊनही जुनी यंत्रे घरोघर वाजत आहेत. कारण ज्या सर्व्हरवर ती चालतात त्याचा प्रोग्रॅम खुला होता. स्वयंसेवकांनी तो सांभाळला आणि आज तो 'लिरियन म्युझिक सर्व्हर' या नावाने चालू आहे. तो रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर बसतो. गाण्यांची रांग तो स्वतःकडे ठेवतो, आणि त्याला हुकूम देण्यास ॲप लागत नाही, साधा ब्राउझर पुरतो. म्हणजे टॅब्लेट जुना झाला तरी त्यावर बरा ब्राउझर चालेपर्यंत तो कामाचा आहे. बसविण्यास एक-दोन सुट्ट्या आणि जाणता मुलगा लागतो, हे खरे. आम्ही ते शिकलो, आणि आम्ही काही कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही.

मराठी माणसाने पाहण्यासारखी आणखी एक बाब आहे, तिच्याकडे दुकानात कोणी लक्ष वेधीत नाही. आपल्या संग्रहात अभंग, लावण्या, नाट्यपदे, ख्याल असतात. आणि ही ॲपे मुळात 'कलाकार, अल्बम, गाणे' या तीन खणांवर बेतलेली. नाट्यपदाला नाटक, संगीतकार, गायक आणि राग असे चार पत्ते हवेत. जुन्या एमपी३ फायलींत नावासाठी मोजकी ३० बाइटांची जागा असे आणि तीही रोमन अक्षरांच्या हिशेबाने. म्हणून कित्येकांच्या संग्रहात देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. टॅब्लेट घेताना दोन मराठी नावे त्यावर उघडून पाहावीत, जोडाक्षरे नीट दिसतात का आणि मराठी कळफलकाने शोधता येतात का, हे तपासावे. वहिनींना 'भैरवी' रोमनमध्ये लिहावयास लावणे म्हणजे त्यांच्या हाती कळ देऊन तिला कुलूप घालणे होय.

राहता राहिली बॅटरी. टेबलावर ठेवावयाचा म्हणून टॅब्लेट अहोरात्र चार्जरला लावून ठेवू नये. लिथियमची बॅटरी सदैव पूर्ण भरलेली आणि गरम राहिली तर लवकर थकते, आणि क्वचित फुगून पडदा उचलते. हल्ली अनेक टॅब्लेटांत ८० ते ८५ टक्क्यांवर भरणे थांबविण्याची सोय असते, ती लावावी. नसल्यास दुपारी तासभर भरावा आणि वायर काढावी. गॅसच्या ओट्याजवळ ठेवू नये.

आणि काहीही विकत घेण्यापूर्वी घरात कोणाचा जुना फोन कपाटात पडला असेल तर तो काढावा, त्यातले सिम काढून टाकावे आणि पंधरा दिवस त्यावरच गाणी लावून पाहावीत. आमच्या मित्राकडे शेवटी तसेच केले. महिनाभर तडा गेलेल्या काचेचा एक फोन सगळे काम करीत होता. फक्त त्यावरची अक्षरे वहिनींना चष्म्यानेही दिसत नव्हती, तेव्हा दिवाळीत साडेआठ इंचांचा टॅब्लेट आणला. त्यावर पासवर्ड घातलेला नाही, आणि तो रेडिओच्या जुन्या फळीवर असतो.